उतरत्या पाण्यातला शिंगटा

शिंगटा हा तळाशी राहणारा, मिशांचा, बिनखवल्यांचा मासा. भीमा, कृष्णा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत तो धरणे होण्याआधीपासून आहे. शास्त्रीय नाव स्पेराटा सीनघाला. अंग लांबट, पाठ राखाडी, पोट चंदेरी, डोके चपटे आणि मिशांच्या चार जोड्या. शेपटीच्या अलीकडे पाठीवर जो मांसल पर असतो, त्याच्या मागच्या टोकावर काळा ठिपका दिसतो. बाजारात इतर मिशाळ माशांच्या ढिगातून शिंगटा ओळखायची ही सर्वांत सोपी खूण. उजनी जलाशयात कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम असे कितीतरी मासे मिळतात, आणि वजनाच्या हिशेबात चिलापी सगळ्यांच्या पुढे आहे. पण गळ टाकून, रात्र मोजून, तळाचा अंदाज घेऊन धरायचा मासा म्हणजे शिंगटाच. त्यामुळे ज्याला शिंगटा साधतो तो मच्छीमार पाण्याचा जाणकार मानला जातो.

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. भिंत सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात; पाण्याचा फुगवटा मात्र करमाळा, इंदापूर, कर्जत आणि दौंड तालुक्यांपर्यंत मागे गेलेला. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ५३.५७ टीएमसी उपयुक्त आणि ६३.६६ टीएमसी मृतसाठा. निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात असलेले हे धरण आहे, म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’, म्हणजे उपयुक्त साठा संपला, ही बातमी ठरलेली असते. शेतीसाठी त्या बातमीचा अर्थ चिंता. मासेमारीसाठी तिचा अर्थ दुहेरी आहे: पाणी आकसते, मासा एकवटतो आणि एरवी खोलात हरवणारा शिंगटा हाताच्या टप्प्यात येतो, पण नेमक्या याच काळात त्याच्या पोटात गाबोळी भरत असते.

पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. इंदापूर-करमाळ्याच्या पट्ट्यात तो सरळ उन्हाळाच असतो. कालव्याला आवर्तन सुटले, सोलापूरसाठी नदीत पाणी सोडले, वरून उन्हाने वाफ झाली की पाण्याची कड दिवसागणिक मागे सरते. कड सरकली की उघड्या पडलेल्या काळ्या गाळावर गाळपेरीची पिके उभी राहतात. पाण्यामागे शेतकऱ्यांच्या मोटारी सरकतात, पाइप वाढवले जातात, केबली ओढल्या जातात. पळसदेवजवळ पाण्यात गेलेल्या पळसनाथाच्या जुन्या मंदिराचे शिखर आधी दिसते आणि पाणी फारच खाली गेले तर मंदिरापर्यंत चालत जाता येते. डिकसळजवळचा ब्रिटिशकालीन पूल, बुडालेल्या वाड्यांची जोती, विहिरींचे कठडे, जुन्या बांधांच्या ओळी असे एकेक वर येते. पाहायला आलेल्यांना त्याचे कुतूहल असते. मच्छीमार मात्र त्यात शिंगटा कुठे असेल ते शोधतो.

कारण शिंगट्याच्या शिकारीत पाण्याइतकीच जमीन वाचावी लागते. जलाशयाचा तळ सपाट नाही. मधून भीमेचे जुने पात्र जाते. ते बाजूच्या शेतांपेक्षा खोल, खडकाळ आणि काही ठिकाणी डोहांचे. त्याला दोन्ही बाजूंनी ओढे मिळतात. पात्राच्या वर जुनी शेते, त्यांत गाळाचे जाड थर. शिंगटा दिवसा पात्राच्या धारेला, खडकाच्या आडोशाला, ओढा जिथे पात्रात उतरतो त्या तोंडाशी राहतो आणि अंधार पडला की धार चढून उथळ शेतांवर चरायला येतो. लहान मासे, झिंगे, पाणकिडे हे त्याचे खाणे; चिलापीची पिल्लेही त्याला चालतात. म्हणजे त्याची वाट रोज तीच असते: खोलातून उथळात आणि पहाटे पुन्हा खोलात. गळाची दोरी या वाटेला आडवी पडली पाहिजे. ती पात्राच्या मधोमध टाकली तर रिकामी येते. फार उथळात टाकली तर चिलापी आणि खेकडे आमिष कुरतडून संपवतात.

धार नेमकी कुठे आहे हे वरून दिसत नाही. उंचावरची झाडे, देवळाचा कळस, विजेचा मनोरा, काठावरच्या वस्तीचा दिवा अशा दोन-दोन खुणा एका रेषेत धरून जागा लक्षात ठेवायची, ही जुनी रीत. जोडीला दोरीला बांधलेला दगड असतो. तो सोडला की खोली कळतेच, तळही कळतो. खडकावर दगड खट्कन थांबतो, गाळात तो मऊ रुतून बसतो आणि उचलताना दोरी जड लागते, वाळूवर तो किंचित घसरतो. वयस्कर मच्छीमाराला धरणाआधीचे शेत कोणाचे, विहीर कुठे, चिंच कुठे होती हेही ठाऊक असते. भोई समाजातल्या पिढीजात मच्छीमारांबरोबर धरणात जमिनी गेलेल्या घरांतले लोकही या धंद्यात आले, तेव्हा ही माहिती त्यांच्या कामी आली. आपल्याच बुडालेल्या रानावर होडी उभी करून गळ सोडणारी माणसे इथे आहेत.

शिंगट्याचा दिवस आदल्या दुपारीच सुरू होतो. आमिष ताजे लागते. लहान चिलापी किंवा इतर बारीक मासे जाळ्याच्या एका फेऱ्यात मिळतात. त्यांचे आडवे तुकडे करतात किंवा बोटाएवढा मासा पाठीत गळ घालून जिवंत ठेवतात. झिंगे मिळाले तर उत्तम. दानवे, म्हणजे गांडुळे, लहान शिंगट्यांना पुरतात. पण त्यांना इतर माशांचाही उपद्रव होतो. मिशाळ माशांना खाणे दिसण्याआधी कळते ते मिशांनी आणि कातडीने, कारण त्यांच्या अंगभर रुचिकलिका असतात. उजनीच्या हिरव्या, शेवाळाने गढुळलेल्या पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमी आणि या चवीचा जास्त. म्हणून रक्त निघणारे ताजे तुकडे चालतात. उन्हात वाळून कोरडे पडलेले चालत नाहीत.

मुख्य दोरी जाड, तिला वाव-वाव अंतरावर हातभर लांबीच्या बारीक दोऱ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला गळ. दोन्ही टोकांना वजन म्हणून विटा किंवा दगड, आणि वर खूण म्हणून प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या. दोरी पाटीत गोल रचताना गळ पाटीच्या काठावर ओळीने अडकवतात. हे रचणे नीट झाले नाही तर होडीत बसून गुंता सोडवण्यात संध्याकाळ जाते, आणि त्या गुंत्यात गळ बोटात जाणे ठरलेले. सूर्य मावळायच्या सुमारास दोघे निघतात. एक वल्हे सांभाळतो, दुसरा दोरी सोडतो. वल्हवणाऱ्याचा वेग आणि सोडणाऱ्याचा हात जुळला पाहिजे. होडी पुढे पळाली तर दोरी ताणून तळापासून उचलली जाते, मागे राहिली तर एका जागी ढीग होतो. सोडलेली दोरी पात्राच्या काठाने तिरपी जाते, एक टोक खोलात आणि दुसरे उथळात. रात्री मासा कोणत्या खोलीवर फिरला हे सकाळी त्यावरून समजते, आणि दुसऱ्या दिवशीची जागा त्यावर ठरते.

पहाटे उजाडण्याआधी होडी पुन्हा पाण्यात जाते. याला कारण आहे. शेवाळाने भरलेल्या पाण्यात दिवसा प्राणवायू भरपूर असतो; रात्रभर तेच शेवाळ आणि तळाचा कुजणारा गाळ तो वापरतात आणि पहाटे तो सर्वांत कमी उरतो. पुण्याकडून येणारे सांडपाणी, जलपर्णी आणि उन्हाने तापलेले पाणी यांमुळे उन्हाळ्यात ही घट जास्त जाणवते. अशा पहाटे चिलापी पृष्ठभागावर तोंड काढून पाणी चुपताना दिसते. शिंगट्याला मागूरप्रमाणे हवेतून श्वास घेता येत नाही. गळाला लागून खोलात अडकून पडलेला मासा त्यामुळे मरतो आणि मेलेला शिंगटा काही तासांत मऊ पडतो. मऊ माशाला व्यापारी भाव देत नाही. शिवाय मेलेल्या माशावर खेकडे तुटून पडतात. म्हणून उशिरा उठणाऱ्याचा मासा गळालाच खराब होतो.

दोरी उचलताना हातालाच सगळे कळते. चिलापी लागलेली असेल तर दोरी थरथरते. वाम असेल तर ती पिळवटते आणि दोरीला वेटाळे बसतात. शिंगटा आधी गप्प असतो. दोरी जड लागते, दगडाला अडकल्याचा भास होतो, आणि होडी त्याच्या डोक्यावर आली की तो एकदम खाली बुडी मारतो. त्या क्षणी दोरी हाताला गुंडाळलेली असेल तर चामडी सोलून निघते. म्हणून दोरी नेहमी मुठीत धरायची, गुंडाळायची नाही. त्याला दोन-तीनदा खाली जाऊ द्यायचे, दर वेळी थोडी दोरी परत घ्यायची आणि दमला की डोक्याच्या बाजूने हातजाळीत घ्यायचे. शेपटीकडून जाळी घातली तर तो पुढे उसळी मारतो, आणि मोठा मासा जातो तो बहुतेक वेळा असाच, होडीच्या काठाशी.

होडीत आल्यावर खरी काळजी काट्यांची. शिंगट्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक असे तीन टणक, दातेरी काटे असतात. मासा बिथरला की काटे ताठ उभे करतो आणि ते खुब्यात अडकून बसतात. दाबून ते मिटत नाहीत. काटा हातात गेला तर जखम खोल होते, दातेरी कडेमुळे बाहेर काढताना फाटते आणि ठणका बराच वेळ राहतो. त्यामुळे सवयीचा माणूस मासा पोटाकडून धरतो: तळवा गळ्याखाली, अंगठा आणि तर्जनी बाजूच्या दोन काट्यांच्या मागे, पाठीचा काटा वर मोकळा. मग पकडीने गळ उलट फिरवून काढतो. गळ खोल गिळलेला असेल तर दोरीच कापतात आणि गळ नंतर मासा साफ करताना निघतो. जाळ्यात सापडलेल्या शिंगट्याचे काटे सुतात गुंततात. तिथे जाळे फाडण्यापेक्षा पकडीने काट्याचे टोक मोडणे स्वस्त पडते.

दोरीवर शिंगट्याबरोबर त्याचे भाऊबंदही येतात. घोगऱ्या लहान, पण काटे तितकेच तिखट; हातात धरला की घरघर आवाज करतो. शिवडा आता क्वचित मिळतो. मोठे तोंड, दोनच जोड्या मिशा आणि पोटाखालून शेपटीपर्यंत लांबच लांब पर ही त्याची ओळख. तो मोठा शिकारी असून जगभरातल्या धोक्यातल्या जातींच्या नोंदीत त्याचे नाव आलेले आहे. या देशी माशांच्या जोडीला एक परका मिशाळ मासा गेल्या काही वर्षांत जाळ्यांत वाढला आहे: सकर. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, घरातल्या काचेच्या टाक्या साफ ठेवण्यासाठी आणलेला आणि तिथून नदीत सुटलेला. अंगावर हाडाच्या टणक पट्ट्यांचे कवच, पसरलेले पर, खाली चिकटणारे तोंड. पसरलेल्या परांमुळे त्याला हेलिकॉप्टर असेही म्हणतात. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, जाळ्यातून सोडवताना जाळे फाटते आणि काठाच्या मातीत बिळे करून तो अंडी घालतो. जाळ्यात आलेला सकर मच्छीमार पाण्यात परत टाकत नाहीत; काठावर फेकतात. त्याने तो संपत नाही, पण दुसऱ्यांदा तोच जाळ्यात येत नाही एवढे खरे.

उतरत्या पाण्याचे स्वतःचे अडथळे असतात. काठाच्या वेड्या बाभळी पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि उन्हाळ्यात अर्ध्या बाहेर येतात; त्यांच्या काट्यांत दोरी गुंतली की कापावीच लागते. शेतकऱ्यांचे पाइप आणि केबली रोज नव्या जागी असतात. कालची मोकळी वाट आज अडलेली असते. पाण्यातली केबल जुनी, जोड दिलेली असेल तर तिथे हात घालणे जिवावरचे काम. अनुभवी माणसे मोटारीच्या आसपास दोरी सोडतच नाहीत, मासा तिथे कितीही असो. गाळही फसवा असतो. वरून तडकलेला, कोरडा दिसतो आणि होडी ओढायला उतरले की मांडीपर्यंत पाय जातो. त्यामुळे होडी लावायची ती दगडी उतारावर, जुन्या रस्त्याच्या खडीवर किंवा बांधावर.

सकाळी नऊ-दहाच्या पुढे ऊन पाठीला लागते आणि वारा उठू लागतो. मैलोगणती मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काही नाही, लाटा आखूड आणि उभ्या होतात. वैशाखात दुपारनंतर ढग दाटले की वळवाआधीचे वादळ काही मिनिटांत येते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अशाच वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती मासेमारीची होडी नव्हती, पण पाणी तेच, महिना तोच आणि वेळही तीच. मच्छीमारांचा नियम साधा आहे: पश्चिमेला धूळ दिसली की गळ, जाळे, मासा सगळे तिथेच सोडून जवळचा काठ गाठायचा, आपला काठ नव्हे. दोरी दुसऱ्या दिवशीही मिळते. होडीत तरंगती जाकिटे असली पाहिजेत, हे सगळ्यांना पटते. उकाड्यात ती अंगात घालणारे थोडे, हेही खरे.

दुपारपर्यंत मासा बाजारात पोचतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे भिगवण हे या जलाशयाचे मोठे मासळी केंद्र. इंदापूर बाजार समितीचा उपबाजार तिथे आहे आणि लिलाव होतो. माल जातवार लागतो. चिलापी क्रेटच्या क्रेट, तिचा भाव कमी आणि खप जास्त. शिंगटा थोडा येतो आणि नगाच्या आकारावर विकला जातो. मिशाळ माशांच्या मांसात कटला-रोहूसारखे बारीक काटे नसतात, मधला एकच कणा. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना तो निर्धास्त वाढता येतो, म्हणून घरगुती गिऱ्हाईक त्याच्या मागे असते. लिलावात व्यापारी आधी कल्ले उचलून बघतो. ते लाल असतील तर रात्रीचा मासा पहाटे काढला. फिके, चिकट असतील तर तो गळाला मरून राहिला. पहाटेची झोप मोडल्याचा मोबदला तिथे मिळतो. मग बर्फ, आणि पुण्याच्या दिशेने गाडी.

याच काळात आणखी एक गोष्ट मच्छीमाराच्या हातात येते. चैत्र-वैशाखातल्या शिंगट्याचे पोट दाबले तर ते भरलेले लागते. साफ करताना पिवळसर गाबोळी निघते. शिंगट्याची वीण उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालते. नर काठालगतच्या मऊ तळात खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि अंड्यांवर, पिल्लांवर पहारा ठेवला जातो. राखणदार मासा खळगा सोडून लांब जात नाही, जवळ आलेल्या कशावरही धावतो, आणि म्हणून धरायला सोपा असतो. तो धरला की मागची पिल्ले चिलापी आणि इतर माशांच्या तोंडी जातात. दुसऱ्या बाजूने पाणी झपाट्याने उतरले तर खळगाच उघडा पडतो. एका मोसमात शिंगट्यावर दोन्हीकडून संकट येते, एक पाटबंधाऱ्याचे आणि एक गळ-जाळ्याचे. पहिल्यावर मच्छीमाराचा ताबा नाही.

दुसऱ्यावर आहे. बारीक आसाच्या वडाप जाळ्यांवर बंदी असूनही ती पाण्यात उतरतात आणि त्यांत बोटभर शिंगटे, रोहू, मरळ सगळेच खरवडून निघतात. त्यांना भाव नसतो, ते सुकटाच्या किंवा खाद्याच्या दराने जातात. गळ त्या मानाने निवडक आहे. गळ मोठा ठेवला तर लहान मासा लागतच नाही. जिवंत लागलेला लहान शिंगटा पाण्यातच गळ काढून सोडता येतो, आणि कातडी कोरड्या हाताने खरवडली नाही तर तो जगतो. काठालगतच्या खळग्यांच्या जागा ओळखीच्या असतात. तिथे विणीच्या काळात दोरी सोडायची नाही, एवढा संयम गावागावांतल्या मच्छीमारांनी आपसांत ठरवला तर त्याला सरकारी आदेशाची गरज नाही.

जलाशयात दरवर्षी बोटुकली सोडली जाते ती मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ यांची. ती कमी पडली तर पुढच्या वर्षी जास्त सोडता येते. शिंगट्याची बोटुकली ट्रकने येत नाही. उजनीतला प्रत्येक शिंगटा उजनीतच किंवा तिला मिळणाऱ्या नद्या-ओढ्यांतच जन्मलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात सहज हाताला येणारा मासा सगळाच काढून घेणे हा या धंद्यातला सर्वांत महाग सौदा आहे. मोठा गळ वापरावा, वडाप बंद व्हावे आणि वैशाखातले खळगे सोडून द्यावेत. पुढच्या चैत्रात दोरी जड लागायची असेल तर त्याला दुसरा उपाय नाही.